करांदे आधी कोण खातं

माझ्याकडे येणारी माणसं एकच विचारतात, बंदिवासातून तुमची सुटका झाली कशी? त्यांना तोफा हव्या असतात, आभाळातून उड्या टाकणारे शिपाई हवे असतात. मी म्हणतो, करांद्यांमुळे झाली. मग ती एकमेकांकडे बघतात, म्हातारा चळला असं मनात म्हणतात, आणि चहा संपवून उठतात. उठू देत. मी कुणाला धरून बसवत नाही. पण ज्या दोघांमुळे मी जिवंत राहिलो त्यांच्याबद्दल सरळ चार ओळी लिहून ठेवाव्यात असं बरेच दिवस मनात आहे. त्यातली एक माझी आई, आणि दुसरा एक परका पोरगा, ज्याच्याशी माझं नातं ना गोतं.

मी पोशेऱ्याचा. घरी डोंगरउतारावर नागली आणि वरई, खाली तुकडाभर जमिनीत भात. मला शिकायला जव्हारला ठेवलं तेव्हा आमच्या पाड्यातून तिथवर गेलेला मी पहिलाच. चार बुकं शिकलो आणि संस्थानच्या मोटारखान्यात चिकटलो. आधी गाड्या धुवायचो, मग हत्यारं हातात आली, मग इंजिन. इंजिन उघडं पडलेलं दिसलं की मला जेवण सुचायचं नाही. लढाई सुरू झाली आणि हवाई दलात भरती करणारे लोक आले तेव्हा मी देशासाठी गेलो की राजासाठी, असं काही नव्हतं. विमानाचं इंजिन बघायला मिळेल म्हणून गेलो. आई पोशेऱ्याहून चालत जव्हारला आली होती. माझ्या अंगावरच्या खाकी कपड्यांकडे तिने नीट बघितलं आणि विचारलं, "तिथं जेवायला घालतात ना?" मला तिची लाजच वाटली. बाजूला मोटारखान्यातले सगळे उभे होते.

जेवायला घातलं, खोटं कशाला बोलू. सिंगापूर पडेपर्यंत घातलं. ते पडलं आणि आम्ही जपान्यांच्या हाती लागलो. पुढे आम्हाला जहाजाच्या तळात कोंबून एका बेटावर नेलं. बेटाचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिथे धावपट्टी होती. आमचीच विमानं येऊन तिच्यावर बॉम्ब टाकायची आणि ते खड्डे आम्ही दगड वाहून बुजवायचे. विमानं दुरुस्त करणारे हात पाट्या उचलायला लागले.

आमच्या झोपडीत अकरा जण होतो, सगळे विमानाच्या धंद्यातले. आम्ही सात मेकॅनिक हिंदुस्थानी, बाकी चार गोरे. त्यात एक वैमानिक होता, पंचविशीच्या आतला, विमान समुद्रात पडल्यावर सापडलेला. एवढा उंच की झोपडीत कायम वाकून असायचा. मी त्याला मनातल्या मनात लांबड्या म्हणायचो, पुढे तोंडावर म्हणायला लागलो. अर्थ सांगितल्यावर तो हसला आणि ते नाव त्याने घेऊन टाकलं. मला सगळे मिस्त्री म्हणायचे. माझं इंग्रजी जव्हारच्या शाळेचं आणि त्याची हिंदुस्थानी छावणीतली, पण चालायचं. भुकेला फार भाषा लागत नाही.

शेवटच्या वर्षी भात कमी झाला, मग अर्धा झाला, मग वाटीच्या तळाला दिसेल एवढा उरला. अकराचे आठ झालो. लांबड्याचे पाय सुजले. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. त्याला उभं राहवेना तेव्हा पहारेकऱ्यांनी त्याला धावपट्टीच्या कामावरून काढलं. आजाऱ्याला भात आणखी कमी, असा तिथला न्याय. आमची विमानं रोज डोक्यावरून जायला लागली होती, म्हणजे सुटका जवळ आली होती हे आम्हाला दिसत होतं. प्रश्न एवढाच होता की ती येईपर्यंत आम्ही टिकतो का. आम्ही कदाचित टिकलो असतो. लांबड्या टिकणार नाही हे सगळ्यांना कळत होतं, आणि त्यालाही.

एक दिवस सरपण आणायला मला रानाच्या कडेला नेलं आणि तिथे झाडावर चढलेली वेल दिसली. पिंपळासारखी रुंद पानं, आणि देठाशी लटकलेले खडबडीत गोळे. करांदे. कडू करांदे, आमच्या डोंगरातले असतात तसेच. मला रडूच आलं. परमुलखात सोयरा भेटावा तसं वाटलं. हाताने, काठीने उकरून मी वेलीच्या बुडाचे चांगले मोठे कंद काढले. पहारेकऱ्याने एक कंद हातात घेतला, नखाने खरवडला, जिभेला लावला आणि थुंकला. मग हसून हात हलवला, ने म्हणाला. त्या हसण्यातच मी काय ते समजायला हवं होतं.

झोपडीत आल्यावर मी छाती फुगवून सांगितलं, हे मला येतं. आमच्याकडे पोरंसोरं खातात. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस बघायचा असेल तर तो त्या दिवशीचा मी. कारण मला येत काहीच नव्हतं. मी फक्त आईला करताना बघितलं होतं, आणि तेही नाक मुरडून. जव्हारच्या शाळेतून सुट्टीला घरी आलो की मला भात हवा असायचा आणि आई करांदे करायची. ती कंद सोलायची, पातळ काप करायची, चुलीतली राख घालून उकडायची, मग पाटीत भरून ओहोळाच्या वाहत्या पाण्यात रात्रभर दगडाखाली दाबून ठेवायची. कडूपणा पाण्याबरोबर निघून जातो. एवढं मला माहीत होतं.

आणि एक माहीत होतं. काप शिजून मीठ घालून झाले की आई आधी खायची. एक काप तोंडात टाकायची, मडकं स्वतःजवळ ओढून त्यावर हात ठेवायची आणि दाराबाहेरची सावली उंबऱ्याला लागेपर्यंत बसून राहायची. आम्ही चार भावंडं समोर पोटात कावळे ओरडत बसलेली. कुणी हात पुढे केला तर फटका. मला त्याचा असा राग यायचा की काय सांगू. मी तिला खादाड म्हणायचो, भावंडांपुढे, तिला ऐकू जाईल असं. पुढे मोठा झाल्यावर मी ठरवून टाकलं की हा कुठल्या तरी देवाचा नेम असेल, आपल्या लोकांचे असतात तसले.

बेटावर ओहोळ नव्हता. चढावर एक झरा होता आणि आमच्याकडे रॉकेलचे रिकामे डबे होते. मी काप केले, राख घालून उकडले, रात्रभर पाण्यात ठेवले, दोनदा पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होती. सगळे डब्याभोवती बसले. मी म्हटलं, थांबा. आमच्याकडे रीत आहे, करणाऱ्याने आधी खायचं आणि सावली सरकेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. का, ते मला ठाऊक नव्हतं. आई करायची म्हणून मी करत होतो. एकाने पंजाबीत मला चोर म्हटलं. मी म्हटलं, म्हण. मीही हेच म्हणायचो.

आई एक काप खायची. मी भुकेपायी पाच खाल्ले.

आधी जीभ बधिर झाली, मग घसा आवळत आला. मग पोटातून असं काही वर आलं की मी झोपडीच्या दारातच कोसळलो. दोन दिवस मला उठता आलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते थट्टेत ठीक आहे. लांबड्या सुजलेल्या पायांनी सरकत माझ्याजवळ यायचा आणि चिंधी ओली करून माझ्या ओठांवर पिळायचा. त्या दोन दिवसांत मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. मी दहाएक वर्षांचा असेन. आईने करांदे केले होते, एक काप खाऊन ती बसली होती, आणि सावली उंबऱ्याला लागायच्या आत उठून मागच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन ओकली होती. परत आली ती भिंतीला धरून. मडकं तिने पाटीत उलटं केलं आणि पुन्हा ओहोळावर नेलं. आम्ही त्या दिवशी उपाशी झोपलो आणि मी तिच्यावर रुसलो, एकटीने खाल्लं म्हणून.

तेव्हा मला कळलं. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, घरापासून समुद्रापलीकडे, दारात ओकून पडल्यावर. ती आमच्यासाठी विष चाखत होती आणि मी तिला खादाड म्हणत होतो. लाज कशी वाटते ते मला तोवर माहीतच नव्हतं. मी तोंड भिंतीकडे करून रडलो, आणि रडतानाच मला बरंही वाटलं, कारण तिची ती रीत मी न समजता पाळली होती म्हणून बाकीचे सात जण धड होते. सगळ्यांनी एकदम खाल्लं असतं तर त्या दिवशी आमच्या झोपडीत कुणी उरलं नसतं.

बाकीचे म्हणाले, डबा फेका. लांबड्याने मला विचारलं, "तुझ्या आईने फेकलं असतं का?"

मी म्हटलं, "नाही. पुन्हा पाण्यात घातलं असतं."

मग त्याने ते काम अंगावर घेतलं. आम्ही सगळे दगड वाहायला जायचो आणि हा आजाऱ्यांत. चालता येत नव्हतं तर बसून सरकत, डबा पुढे ढकलत, तो झऱ्यापर्यंत जायचा आणि पाणी आणायचा. दिवसातून चार वेळा. तीन दिवस. सुजलेले पाय दगडांवर फाटले होते. मी रागावलो तर म्हणाला, मला दुसरा काही उद्योग आहे का इथे?

चौथ्या दिवशी, काम आटोपून परतलो तेव्हा अजून ऊन होतं. काप पांढरे पडले होते, वास गेला होता. मी मीठ टाकलं आणि हात पुढे केला. लांबड्याने डबा स्वतःकडे ओढला.

"रीत आहे," मी म्हटलं. "करणाऱ्याने आधी खायचं."

"पाणी कुणी बदललं?" तो म्हणाला. "मी. म्हणजे करणारा मी."

मी म्हटलं, तुझ्या अंगात काही उरलेलं नाही, मला झालं तसं तुला झालं तर तू दोन तास काढणार नाहीस. तो म्हणाला, आणि तू आत्ताच कुठे त्यातून उठलायस, तू तरी किती काढशील? भांडण झालं आमचं. डब्याला दोघांचे हात. शेवटी त्याने माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "मिस्त्री, तुझ्या आईला हे नक्की माहीत आहे ना? जास्त पाणी दिलं की विष जातं?"

मी म्हटलं, "नक्की. तिने जन्मभर हेच केलंय."

"मग झालं," तो म्हणाला. त्याने एक काप उचलला, मोजून एकच, तोंडात टाकला, चावून चावून गिळला. डबा मांड्यांमध्ये धरला आणि त्यावर हात ठेवून बसला. मी सांगितलं होतं अगदी तसा.

झोपडीच्या खांबाची सावली होती. ती आमच्या चुलीच्या दगडाला लागेपर्यंत थांबायचं ठरलं. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. तो मला त्याच्या आईबद्दल सांगत होता. ती एकटी आहे, गावात शिवणकाम करते, त्याला विमानात जाऊ नको म्हणाली होती. बोलता बोलता त्याने एकदा आवंढा गिळला आणि आमच्यातला एक जण उठून उभाच राहिला. "काही नाही," लांबड्या म्हणाला, "तोंडाला पाणी सुटलंय." सावली दगडाला लागली. त्याने आणखी थोडा वेळ जाऊ दिला, आमच्या भुकेची पर्वा न करता. मग डबा मधोमध ठेवला. आम्ही खाल्लं. त्या बेटावर पहिल्यांदा माझं पोट भरलं होतं.

त्यानंतर आम्ही तीन दिवस आणि बारा पाणी हा नियमच केला. रानाच्या कडेच्या सगळ्या वेली उकरल्या. दर वेळी कुणीतरी आधी खायचं आणि थांबायचं, पाळीपाळीने, अगदी मला चोर म्हणणारासुद्धा. लांबड्याची सूज उतरली नाही पण डोळ्यांत जीव आला, पुन्हा टवाळी करायला लागला. आम्ही आठ होतो ते आठच राहिलो. मग एका सकाळी हजेरीला कुणी बोलावलंच नाही. पहारेकरी आपापल्या जागी मान खाली घालून बसले होते. काही दिवसांनी बोटीतून शिपाई उतरले, धष्टपुष्ट, लाल गालांचे, आम्हाला बघून त्यातला एक चक्क रडला. त्याने लांबड्याला लहान पोरासारखं उचलून घेतलं. गोऱ्यांचं दवाखान्याचं जहाज वेगळं आणि आमचं वेगळं. स्ट्रेचरवरून जाताना त्याने मान वळवून मला हाक मारली, "मिस्त्री, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग." देव तारी त्याला कोण मारी, असं लोक म्हणतात. म्हणोत. मला तारणारे मी डोळ्यांनी बघितलेत.

मुंबईला उतरलो, कागदपत्रं झाली, आणि नाशकाकडे जाणाऱ्या एका लॉरीने मला मोखाड्याच्या वाटेला सोडलं. तिथून चालत घरी. नागली खळ्यावर आली होती. आई कणसं बडवत होती. तिने मला बघितलं, हातातला दांडका खाली ठेवला, जवळ येऊन माझ्या दंडाभोवती बोटं धरून बघितली. "किती हडकला रं," एवढंच म्हणाली आणि मग माझ्या छातीला कपाळ टेकून उभी राहिली. बराच वेळ आम्ही दोघं तसेच होतो. माझ्या जिवाला एवढा थंडावा त्याआधी कधी मिळाला नव्हता, नंतरही नाही.

जेवण झाल्यावर खळ्यावरच बसलो आणि मी एका दमात बोलून टाकलं. "आये, करांदे खाताना मी तुला खादाड म्हणायचो. मला माहीत नव्हतं."

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. "अरे, भूक पण लागायची रं," ती म्हणाली. "भ्या वाटायचं, आणि भूक पण असायची. आधी खायला मिळतंय म्हणून बरं पण वाटायचं. मी काय देव हाय?"

मी हसलो, डोळे पुसले, परत हसलो. मग तिला बेटावरचं सगळं सांगितलं. लांबड्याचं सांगितलं, झऱ्याचं पाणी, बारा पाणी, सावली. ती मन लावून ऐकत होती, आणि मधेच तिने विचारलं, "वेलीची पानं पिवळी झालेली का?"

"नाही. हिरवीगार. तिथे पाऊस बारा महिने, वेल सुकतच नाही."

ती म्हणाली, "हिरव्या वेलीचा करांदा आपण खणत नाय, पोरा. वेल सुकून पडल्याबगर हात लावत नाय. हिरव्याला किती पाणी द्यायचं ते कोणालाच ठाऊक नाय. माझ्या माहेरी, सूर्यमाळेला, एका घरानं दुष्काळात खाल्ला होता. चूल पेटवायला त्या घरात माणूस उरलं नाय."

मी म्हटलं, "त्याने मला विचारलं होतं, तुझ्या आईला नक्की माहीत आहे ना? मी म्हटलं, नक्की."

"म्हंजे माझ्या नावावर खाल्लं त्यानं."

"हो."

"आणि मला तर ठाऊकच नव्हतं."

ती उठली, घरात गेली, थोड्या वेळाने बाहेर आली. डोळे लाल होते. "त्याची आई हाय ना? तिला कागद लिही. आत्ताच लिही, मी सांगते."

पत्ता मला पाठ होता. झोपडीत आम्ही सगळ्यांनी एकमेकांच्या घरचे पत्ते पाठ केले होते. जो मरेल त्याच्या घरी, जो वाचेल त्याने कळवायचं, असं ठरलं होतं. मेलेल्या तिघांच्या घरी मी मुंबईहूनच लिहून आलो होतो. लांबड्याच्या आईचा पत्ता तर मी रोज झोपताना मनात म्हणून बघायचो, कारण पुढचं पत्र तिलाच लिहावं लागणार अशी माझी खात्री होती. त्याच पत्त्यावर मी खळ्यावर बसून आई सांगेल ते लिहिलं. तिने फार सांगितलं नाही. बाई, तुझं पोर माझ्यावर भरवसा ठेवून जेवलं, आणि माझं पोर घरी आलं.